प्रवचन, श्रोता आणि लेखनिक : ऑगस्टीनचा भाष्यविचार आणि धुळ्यातील ‘गीता प्रवचने’

१

मराठी समीक्षेने भाष्यग्रंथांचा विचार मुख्यतः त्यांतील सिद्धांताच्या अंगाने केला आहे. ‘गीतारहस्य’ घेतले की कर्मयोगाची चर्चा होते आणि ‘गीता प्रवचने’ घेतली की विकर्म, अकर्म, साम्ययोग या संकल्पनांची. या चर्चेत एक गोष्ट सहसा गृहीत धरलेली असते. भाष्य लिहिलेले असो वा बोललेले, त्याने अर्थात मूलतः फरक पडत नाही, हे ते गृहीत होय. बोललेले भाष्य म्हणजे सोप्या भाषेतील आणि काहीसे सैल बांधणीचे लिहिलेले भाष्यच, अशी समजूत त्यामागे आहे. तिचे दोन परिणाम झाले. एक, प्रवचन हा गद्यप्रकार वाङ्मयेतिहासाच्या मांडणीत जवळजवळ बेदखल राहिला. त्याची जागा धर्मप्रबोधनाच्या प्रकरणात ठरून गेली. दोन, बोललेल्या शब्दाला लिखित रूप देणारा लेखनिक हा केवळ साधनभूत मानला गेला आणि त्याच्या कर्तृत्वाचा प्रश्न श्रेयनिर्देशापुरता उरला.

हे गृहीत तपासण्यासाठी एका दूरच्या उदाहरणाचा उपयोग होऊ शकतो. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (इ. स. ३५४–४३०) हा पाश्चात्त्य परंपरेत ‘कन्फेशन्स’चा कर्ता आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञ म्हणून ओळखला जातो. साहित्यविचारात त्याचे स्मरण अलीकडे विशेषतः ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या खंडातील कालमीमांसेमुळे होते, पॉल रिकरच्या ‘टाइम अँड नॅरेटिव्ह’ या ग्रंथाचा आरंभच या मीमांसेपासून होतो. परंतु ऑगस्टीनच्या लेखनसंभारातला मोठा भाग ज्या अर्थाने आज ‘लेखन’ म्हटले जाते त्या अर्थाने लेखन नव्हे. तो बोललेला आहे, आणि दुसऱ्या कोणीतरी टिपलेला आहे. शिवाय बोलण्याच्या या व्यवहाराविषयी त्याने स्वतः सिद्धांतनही केले आहे. प्रत्यक्ष प्रवचने आणि प्रवचनाचे शास्त्र, दोन्ही एकाच लेखकाकडून उपलब्ध असल्यामुळे ‘गीता प्रवचने’सारख्या संहितेला कोणते प्रश्न विचारावेत हे त्याच्याकडून शिकता येते. धर्म, काळ आणि भूमी यांतील अंतर लक्षात ठेवूनच ही तुलना करायची आहे. दोघांचा प्रभावसंबंध सुचवण्याचा येथे हेतू नाही.

२

ऑगस्टीनने आयुष्याच्या अखेरीस, ४२६–२७ च्या सुमारास, ‘रेट्राक्टातिओनेस’ या नावाने आपल्या ग्रंथांचे पुनरवलोकन केले. त्यात ९३ कृतींची, एकूण २३२ खंडांची नोंद आहे. पत्रे आणि लोकांपुढची प्रवचने यांचे अवलोकन त्याला पुढे करायचे होते. प्रवचनांपर्यंत तो पोहोचू शकला नाही. या ग्रंथाच्या शेवटी तो आपल्या प्रवचनांचे दोन वर्ग करतो: काही सांगून लिहवून घेतलेली, तर काही प्रत्यक्ष बोललेली. वरवर पाहता ही व्यवस्थेची नोंद आहे. तिच्यामागे मात्र रचनेच्या दोन पद्धतींची जाणीव आहे. सांगून लिहवताना समोर एकटा लेखनिक असतो आणि वेळ वक्त्याच्या ताब्यात असतो. बोलताना समोर समुदाय असतो आणि वेळ त्याच्याही ताब्यात असते.

या दोन पद्धती एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात. योहानकृत शुभवर्तमानावरील १२४ विवरणांपैकी पहिली ५४ लोकांपुढे बोललेली आणि उरलेली, तुलनेने आटोपशीर, सांगून लिहवलेली आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांवरचे भाष्य तर अनेक वर्षे चालले. या भाष्याला ‘एनारातिओनेस’ हे आज रूढ असलेले नाव सोळाव्या शतकात इरॅस्मसने दिले. त्यातील काही विवरणे टिपणवजा, काही भर सभेतली आहेत. लॅटिन क्रमाप्रमाणे ११८ व्या आणि सर्वांत दीर्घ स्तोत्राचे विवरण त्याने बराच काळ लांबणीवर टाकले होते. ते अखेर त्याने ३२ प्रवचनांच्या रूपात रचले. ही प्रवचने सांगून लिहवलेली आहेत, पण लोकांपुढे वाचली जावीत म्हणून प्रवचनाचाच घाट त्यांना दिलेला आहे. म्हणजे प्रत्यक्ष श्रोते समोर नसतानाही श्रोत्यांची जागा संहितेत राखून ठेवलेली आहे. प्रवचन ही बोलण्याची घटना असते, तसेच ते लेखनाचे एक रूपही होऊ शकते, हे येथे स्पष्ट होते.

बोललेली प्रवचने टिपणारे लोक व्यावसायिक लघुलेखक होते. त्यांच्या कामाची व्याप्ती एका प्रसंगातून कळते. २६ सप्टेंबर ४२६ रोजी ऑगस्टीनने आपला उत्तराधिकारी म्हणून एराक्लियस याचे नाव लोकांपुढे मांडले. त्या सभेचा वृत्तांत त्याच्या पत्रसंग्रहात आहे. बिशप काय बोलला हे जसे त्यात आहे, तसेच लोकांनी कोणती घोषणा किती वेळा दिली याचीही नोंद आहे. आणि आपण बोलतो ते व लोक बोलतात ते, दोन्ही टिपले जात आहे, याची आठवण ऑगस्टीन स्वतः सभेला करून देतो. लेखनिकाच्या लेखी येथे सभा हीच संहिता आहे. वक्ता हा तिचा एक घटक आहे.

३

श्रोत्याविषयीचा ऑगस्टीनचा विचार दोन ग्रंथांत विशेष स्पष्टपणे आढळतो. इ. स. ४०० च्या सुमारास कार्थेज येथील देओग्रातियस नावाच्या डीकनसाठी त्याने नवागतांच्या शिक्षणाविषयी एक छोटा ग्रंथ लिहिला. देओग्रातियसची अडचण अशी होती की आपले बोलणे त्याला स्वतःलाच नीरस वाटू लागले होते. ऑगस्टीनचे उत्तर भाषाविचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आपलेही बोलणे आपल्याला जवळपास नेहमीच असमाधानकारक वाटते, असे सांगून तो कारण देतो: आकलन विजेसारखे क्षणात चमकून जाते, बोलणे मात्र लांब, संथ आणि आकलनाहून फार वेगळ्या जातीचे असते. शब्द येतात तोवर ते आकलन मनाच्या गाभ्यात दडून बसलेले असते. या दरीवर तो जो उपाय सुचवतो तो वक्तृत्वाचा नाही, संबंधाचा आहे. ऐकणारा नवा असेल तर जुनी गोष्ट सांगणाऱ्यालाही नवी होते. आपल्या परिचयाचे नगर पहिल्यांदाच पाहणाऱ्या पाहुण्याला दाखवताना आपल्यालाही ते पुन्हा दिसावे, तसे हे घडते. येथे श्रोता हा अर्थाचा ग्राहक न राहता अर्थाच्या नूतनीकरणाचे कारण होतो. त्याच ग्रंथात श्रोत्यांना बसायला द्यावे, ही साधी सूचनाही आहे. आफ्रिकेतील चर्चमध्ये बिशप आसनावर बसून बोले आणि लोक उभे राहून ऐकत. समुद्रापलीकडच्या काही चर्चमधील बसून ऐकण्याची रीत ऑगस्टीनला अधिक शहाणपणाची वाटते. शरीराचा शीण हाही त्याच्या मीमांसेचा विषय आहे.

दुसरा ग्रंथ ‘दे डॉक्ट्रिना ख्रिस्तियाना’. हा ३९६–९७ च्या सुमारास सुरू होऊन तिसऱ्या खंडातच थांबला आणि तब्बल तीस वर्षांनी पूर्ण झाला. चौथ्या खंडात सिसेरोची तीन उद्दिष्टे, म्हणजे शिकवणे, रिझवणे आणि वळवणे, स्वीकारून ऑगस्टीन त्यांची फेरमांडणी करतो. त्यातले एक उदाहरण फार बोलके आहे. लॅटिनमध्ये ‘ओस्’ हा शब्द ऱ्हस्व स्वराने ‘हाड’ आणि दीर्घ स्वराने ‘तोंड’ या अर्थी येतो. आफ्रिकेतील कानांना मात्र हा ऱ्हस्वदीर्घभेद कळत नाही. अशा वेळी उपदेशकाने व्याकरणदृष्ट्या अशुद्ध ठरणारे ‘ओस्सुम्’ हे रूप वापरून ‘हाड’ हा अर्थ निःसंदिग्ध का करू नये, असा त्याचा प्रश्न आहे. एकेकाळी अलंकारशास्त्राचा अध्यापक असलेला मनुष्य प्रमाणभाषेपेक्षा समोरच्या कानाला प्रमाण मानतो, ही भूमिकेतली मोठी उलथापालथ आहे.

स्तोत्रभाष्यात हाच मुद्दा प्रत्यक्ष घडताना दिसतो. १३८ व्या स्तोत्रावरील प्रवचनाच्या आरंभी तो सांगतो की आपण एक लहान स्तोत्र तयार करून आलो होतो. परंतु वाचकाने, बहुधा गोंधळून, दुसरेच वाचले. तेव्हा आपल्या योजनेपेक्षा वाचकाच्या चुकीमागची ईश्वरेच्छा अनुसरणे आपण पसंत केले. हाडाविषयीचा तो शब्दही याच प्रवचनात भेटतो आणि लोकांना न कळण्यापेक्षा व्याकरणकारांनी दोष दिलेला बरा, ही भूमिका तेथे उघडपणे मांडली जाते. लिहिलेल्या भाष्यात वाचकाची चूक राहिली नसती. ती खोडली गेली असती. बोललेल्या भाष्यात तीच रचनेचे निमित्त ठरते.

श्रोत्यावर झालेला परिणाम कसा ओळखावा, याचाही निकष चौथ्या खंडात आहे. मॉरितानियातील सीझरिया नगरात दरवर्षी ठराविक काळी नागरिक दोन तटांत विभागून एकमेकांवर दगडफेक करीत. भाऊबंदही परस्परांना सोडत नसत. ती प्रथा मोडावी म्हणून ऑगस्टीन तेथे बोलला. लोकांनी वाहवा केली तेव्हा त्यांना कळले आहे आणि आवडले आहे एवढेच सिद्ध झाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले तेव्हा ते वळले असे त्याने मानले. आणि पुढे आठ किंवा अधिक वर्षे तसा प्रकार घडला नाही हे त्याने अंती नमूद केले. प्रवचनाची समाप्ती त्याच्या मते शेवटच्या वाक्यात नसते. ती श्रोत्याच्या आचरणात असते. स्वायत्त कलाकृतीच्या कल्पनेवर पोसलेल्या समीक्षेला हा निकष अडचणीचा वाटेल. प्रवचन या प्रकाराचा विचार करायचा तर मात्र तो टाळता येत नाही.

४

या चौकटीतून धुळ्याकडे वळले असता काही गोष्टी नव्याने दिसू लागतात. १९३२ मध्ये सविनय कायदेभंगाच्या काळात विनोबा भावे धुळे तुरुंगात होते. तेथे त्यांनी सत्याग्रही कैद्यांपुढे रविवार, २१ फेब्रुवारी ते रविवार, १९ जून या अवधीत दर आठवड्याला एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीताई’ (७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१) याआधीच सिद्ध झाली होती. म्हणजे गीतेचे मराठी शब्द विनोबांच्या जिभेवर घोळलेले होते.

तुरुंग आणि गीता यांचा संबंध मराठीला नवा नव्हता. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिले गेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण दोन तुरुंगांतील संप्रेषणस्थिती पूर्णतः भिन्न आहे. मंडालेत टिळकांसमोर श्रोता नव्हता, ग्रंथ होते. त्यामुळे ‘गीतारहस्या’चा संवाद पूर्वाचार्यांशी आहे, पूर्वपक्ष मांडणे, खोडणे, तौलनिक तत्त्वज्ञानाचे दाखले देणे ही त्याची स्वाभाविक गती आहे. त्याचा अपेक्षित वाचक हा वादी आहे. धुळ्यात समोर माणसे होती, आणि ती पुढच्या रविवारी पुन्हा येणार होती. ‘गीता प्रवचने’त पूर्वसूरींचे खंडनमंडन नाममात्र आहे, याचे कारण विनोबांच्या विद्वत्तेच्या मर्यादेत शोधणे उघडच चूक ठरेल, ते या संप्रेषणस्थितीत आहे.

संहितेतील अनेक विशेष या स्थितीचा आधार घेतल्यावर स्पष्ट होतात. प्रवचनांच्या आरंभी मागील भागाचा गोषवारा येतो. सलग वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती वाटते. सात दिवसांच्या अंतराने ऐकणाऱ्याला मात्र ती वाट पुन्हा सापडण्याची खूण आहे. ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’मध्ये स्तोत्र म्हणण्याचे उदाहरण घेऊन दाखवले आहे की, म्हणणाऱ्याचे मन म्हणून झालेल्या भागाची स्मृती आणि यायच्या भागाची अपेक्षा यांत ताणलेले असते, जसजसे म्हणणे पुढे जाते तसतशी अपेक्षा आखडते आणि स्मृती लांबते. ‘गीता प्रवचने’ची अठरा आठवड्यांची रचना हा ताण मोठ्या मापावर अनुभवायला लावते. पाचव्या अध्यायात कर्म, विकर्म, अकर्म यांची संगती लागते तेव्हा श्रोत्याच्या बाजूने तिसरा आणि चौथा अध्याय स्मृतीत असतात आणि मधले आठवडे तुरुंगातील रोजच्या कामात गेलेले असतात. कर्म ही संकल्पना त्या कामापासून वेगळी राहू शकत नाही.

दृष्टान्तांची निवडही अशीच श्रोतृसापेक्ष आहे. पहिल्याच प्रवचनात अर्जुनाची भूमिका उलगडताना विनोबा एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात: आयुष्यभर फाशीच्या शिक्षा सुनावणारा हा न्यायाधीश आपलाच मुलगा आरोपी म्हणून समोर उभा राहताच फाशीच्या शिक्षेतील अमानुषता सांगू लागतो. अर्जुनाची अहिंसा ही स्वजनासक्ती कशी आहे हे दाखवणे, हे या दृष्टान्ताचे तार्किक प्रयोजन. पण ऐकणारे स्वतः न्यायालयाकडून शिक्षा होऊन आलेले होते, हे ध्यानात घेतले की त्याला दुसरा पदर येतो. न्यायाच्या आसनाविषयीचा भ्रम तो अगदी सहज ओलांडतो. आणि अहिंसेचे व्रत घेऊन तुरुंगात आलेल्या सत्याग्रह्याला, आपली अहिंसा तत्त्वातून आली आहे की सोयीतून, हा प्रश्न टाळता येत नाही. दहाव्या अध्यायातील विभूतींचे विवरण मुलाला अक्षरे शिकवण्याच्या रीतीवर उभे आहे: आधी मोठी अक्षरे, मग लहान, आधी साधी, मग जोडाक्षरे. ईश्वराचे सोपे रूप ज्याला ओळखता आले तोच पुढे अवघड, संमिश्र रूपात त्याला वाचू शकेल. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात काही वर्षे शिक्षक असलेला लेखनिक हे लिहून घेत होता, ही बाब येथे दुर्लक्षणीय नाही.

५

लेखनिकाचा प्रश्न येथून सुरू होतो. ऑगस्टीनचे लघुलेखक बहुतांशी अनामिक आहेत. त्यांची स्वतःची शैली उरू नये अशीच त्यांच्या विद्येची अपेक्षा होती. साने गुरुजी व्यावसायिक लघुलेखक नव्हते. ते लेखक होते, आणि विनोबांहून अत्यंत भिन्न प्रवृत्तीचे लेखक होते. ‘मधुकर’मधील विनोबांचे निबंध पाहिले तर वाक्ये सूत्रमय, व्युत्पत्तीच्या आधाराने अर्थ उकलणारी, गणिती शिस्तीची दिसतात. गुरुजींचे गद्य ओसंडणारे, संबोधनांनी आणि उद्गारांनी भरलेले आहे. ‘गीता प्रवचने’चे गद्य या दोहोंपैकी कोणत्याही एका टोकाला जात नाही. सूत्र आहे, पण ते लगेच दृष्टान्तात उतरते. भावना आहे, पण ती वाक्यातून बाहेर सांडत नाही. हा तोल बोलण्यामुळे आला, की लिहिणाऱ्यामुळे? मुद्रित संहितेवरून दोघांचे वाटे वेगळे काढून दाखवणे शक्य नाही, आणि तसा हिशेब मांडणे कदाचित योग्यही नाही. म्हणायचे ते इतकेच की या गद्याचे कर्तृत्व ‘विनोबा’ या एका नावात पूर्णपणे मावत नाही.

याला एक अप्रत्यक्ष पुरावा लेखनिकाच्या पुढच्या कृतीत मिळतो. धुळ्यातील शेवटच्या प्रवचनानंतर आठ महिन्यांच्या आत, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या दिवसांत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग लिहिला. तिची रचना ‘रात्रीं’ची आहे. आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम सांगतो आणि मित्र व गावकरी ऐकतात. मुद्रित पुस्तकात अशा ४२ रात्री आहेत. ही बैठकीची चौकट कथनासाठी अपरिहार्य नव्हती. आठवणी सरळ आत्मकथनाच्या रूपातही देता आल्या असत्या. गुरुजींनी श्रोते कल्पिले, त्यांना नावे दिली, त्यांची उत्सुकता आणि त्यांचे डोळे भरून येणे संहितेत ठेवले. धुळ्याचा अनुभव हे त्याचे एकमेव कारण आहे असा दावा करता येणार नाही. कीर्तन, पुराण आणि घरातल्या गोष्टी हे संस्कार गुरुजींवर पूर्वीपासून होते. तरीही अठरा रविवार एका वक्त्याचे बोलणे टिपत बसलेल्या लेखकाची पुढची मोठी कृती ‘सांगणे’ हाच आपला घाट म्हणून निवडते, ही घटना वाङ्मयेतिहासाने नोंदवायला हवी. ऑगस्टीनच्या ३२ प्रवचनांत जसे अनुपस्थित श्रोते राखलेले आहेत तसेच येथेही आहेत.

लेखनिकाला मराठी परंपरेत प्रतिष्ठेचे स्थान पूर्वी होते, हेही येथे आठवले पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत सच्चिदानंदबाबांचा, दासबोधाच्या बाबतीत कल्याणस्वामींचा निर्देश परंपरा आवर्जून करते. लीळाचरित्र तर म्हाइंभटांनी चक्रधरांच्या अनुयायांकडून आठवणी गोळा करूनच सिद्ध केले. ज्ञानेश्वरीत श्रोत्यांच्या अवधानाला जे स्थान आहे, तेही केवळ नम्रतेचा उपचार म्हणून सोडून देता येत नाही. अवधान ही तेथे अर्थनिष्पत्तीची अट आहे. समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जपणारे वाग्देवता मंदिर ज्या धुळ्यात उभे आहे, त्याच गावात वक्ता, श्रोता आणि लेखनिक ही त्रयी विसाव्या शतकात पुन्हा एकत्र यावी, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. मुद्रणसंस्कृतीने ‘एक नाव, एक ग्रंथ’ हा दंडक रूढ केल्यावर ही त्रयी नजरेआड झाली. ‘कन्फेशन्स’मध्ये मिलानचा बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचत असल्याचे ऑगस्टीन नवलाने टिपतो. आजची समीक्षा प्रवचनालाही त्या मूक वाचनाच्या सवयीनेच सामोरी जाते.

६

तुलना येथवर आल्यावर तिची मर्यादा सांगणे आवश्यक ठरते, कारण खरा भेद सत्तेच्या प्रश्नापाशी आहे. ऑगस्टीन श्रोत्याच्या कानाला मान देणारा वक्ता होता. पण तो आसनस्थ बिशपही होता आणि त्याच्या चर्चमागे रोमन साम्राज्य उभे होते. आफ्रिकेतील दोनातिस्त पंथाशी चाललेल्या वादात आरंभी तो मन वळवण्यावर भिस्त ठेवत होता. ४०५ मध्ये त्या पंथाविरुद्ध साम्राज्याचे आदेश निघाले. ४०८ च्या सुमारास विन्सेंतियसला लिहिलेल्या पत्रात ऑगस्टीन कायद्याच्या सक्तीचे समर्थन करतो. आपले मत अनुभवाने बदलले, असे तो सांगतो. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही पक्षांचे मिळून पाचशेहून अधिक बिशप मार्सेलिनस या शाही अधिकाऱ्यासमोर जमले. तेथे प्रत्येक शब्द लघुलेखकांनी टिपला आणि वक्त्यांनी आपापल्या विधानांवर सह्या केल्या. तेच तंत्र, पण प्रयोजन उलटे: प्रवचनात टिपण हे श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचे साधन होते, येथे ते प्रतिपक्षाला बांधून ठेवण्याचा पुरावा झाले. निकाल दोनातिस्तांविरुद्ध गेला. ज्याने ऐकणाऱ्याचा शीण ओळखला त्यानेच न ऐकणाऱ्यासाठी दंडशक्तीला मान्यता दिली, हा विरोध ऑगस्टीनच्या विचारातून पुसता येत नाही. श्रोत्याचे महत्त्व मान्य करणारा सिद्धांत श्रोत्याच्या नकाराचे स्वातंत्र्य मान्य करीलच असे नाही.

धुळ्यात वक्ता आणि श्रोते दोघेही कैदी होते. विनोबांच्या शब्दामागे दंडशक्ती नव्हती. ती तर त्यांच्या आणि श्रोत्यांच्या विरुद्ध उभी होती. या समपातळीमुळे ‘गीता प्रवचने’च्या स्वरात आज्ञार्थ क्वचित येतो आणि ‘आपण’ हे सर्वनाम खऱ्या अर्थाने समावेशक राहते. पण दुसरा धोका येथे संभवतो. कार्थेजला टिपणारे परस्परांवर पहारा ठेवणारे होते. धुळ्यात टिपणारा वक्त्यावर श्रद्धा असलेला होता. श्रोत्यांच्या शंका, अडवणूक, कंटाळा यांना या टिपणात फारशी जागा मिळालेली दिसत नाही. समुदायात कोणी हरकत घेतली असेल तर ती विनोबांच्या वाक्यात विरघळून आली आहे. हिप्पोच्या सभेत लोकांची आरोळी स्वतंत्र नोंदली जाते. धुळ्यातील श्रोता आपल्याला वक्त्याच्या वळणांवरूनच अनुमानाने ओळखावा लागतो.

टिपणात प्रसंग किती उरला यावर विचारवंताची प्रतिमा कशी अवलंबून असते, याचे उत्तम उदाहरण १९९० मध्ये पुढे आले. फ्रांस्वा दोल्बो यांना जर्मनीतील माइन्झच्या नगर ग्रंथालयातील पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात ऑगस्टीनची २६ प्रवचने सापडली. त्यांतील काही पूर्णपणे अज्ञात होती, तर काही आधी केवळ त्रोटक रूपात ठाऊक होती. मध्ययुगातील नकलकारांनी सार्वकालिक उपदेश तेवढा ठेवून स्थानिक तपशील गाळला होता. येथे तो शाबूत होता. ‘ऑगस्टीन ऑफ हिप्पो’ (१९६७) या चरित्राचे लेखक पीटर ब्राउन यांनी २००० च्या आवृत्तीत जोडलेल्या प्रकरणांत, या नव्या साधनांच्या प्रकाशात आपण पूर्वी रंगवलेला बिशप अधिक कठोर झाला होता, असे मान्य केले. गाळलेल्या तपशिलाबरोबर लोकांशी हुज्जत घालणारा, त्यांची मनधरणी करणारा, प्रसंगी हतबल होणारा माणूसही गाळला गेला होता.

‘गीता प्रवचने’च्या बाबतीत प्रवास काहीसा याच दिशेने झाला आहे. पुढे या अठरा प्रवचनांची १०८ अधिकरणांत विभागणी झाली आणि विनोबांनी रचलेल्या संस्कृत ‘साम्यसूत्रां’शी त्या अधिकरणांची जुळणी झाली. बोललेल्या भाष्यावर आता सूत्र उभे राहिले. प्रवचन ग्रंथ झाले, आणि ग्रंथ पारायणाचा विषय होऊ लागला. हा विकास विनोबांच्या विचाराच्या दृष्टीने सुसंगतच आहे. समीक्षेने मात्र त्यात काय मागे पडले हेही पाहायला हवे. प्रत्येक अध्यायाबरोबर आढळणारी तारीख ही आता त्या प्रसंगाची जवळजवळ एकमेव खूण आहे. ती तारीख वगळून वाचणे म्हणजे त्रोटक केलेली प्रवचने वाचणे होय.

७

या विवेचनातून समीक्षेपुढे काही निश्चित कामे येतात. प्रवचन हा स्वतंत्र गद्यप्रकार मानून त्याच्या रचनातत्त्वांचा, म्हणजे पुनरुक्ती, गोषवारा, संबोधन, दृष्टान्ताची श्रोतृसापेक्षता आणि विषयाचे प्रसंगाने घडणारे वळण यांचा, अभ्यास झाला पाहिजे. त्यासाठी विनोबांचेच बोललेले आणि लिहिलेले गद्य समोरासमोर ठेवता येईल. सिवनीच्या तुरुंगात १९४४ मध्ये दिलेली ‘स्थितप्रज्ञ-दर्शना’ची व्याख्याने आणि ‘ईशावास्य-वृत्ती’सारखे लिहिलेले भाष्य हे त्या तुलनेचे सोयीचे साहित्य आहे. दुसरे काम लेखनिकाच्या कर्तृत्वाचे. खानदेशात या प्रश्नाचे आणखी एक रूप आहे. जळगावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांच्या प्रयत्नाने, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह, १९५२ मध्ये ती प्रकाशित झाली. विनोबांच्या बाबतीत लेखनिक नसता तरी वक्ता उरला असता, कारण तो स्वतः लिहिणारा होता. बहिणाबाईंच्या बाबतीत टिपणारा नसता तर आज संहिताच नसती. म्हणून लेखनिकाचा विचार हा ऋणनिर्देशाचा विषय राहू शकत नाही. मौखिकतेतून लिखिताकडे येताना कोणाचा शब्द टिकतो आणि कोणाचा हरवतो, हा तो प्रश्न आहे.

ऑगस्टीनचा चरित्रकार पोसिडियस याने त्याच्या ग्रंथांची यादी सिद्ध केली आणि त्या ग्रंथांचे मोलही वर्णिले. तरीही ज्यांना ऑगस्टीनला बोलताना प्रत्यक्ष ऐकता-पाहता आले त्यांना अधिक लाभ झाला, असे त्याचे मत होते. वाचकाच्या वाट्याला तो लाभ येत नाही. पण संहितेत श्रोत्याची जागा कोठे राखली आहे, ती कोणी राखली आणि कोठे बुजली, हे वाचक शोधू शकतो. ‘गीता प्रवचने’चे असे वाचन अजून बरेचसे व्हायचे आहे.